उत्सर्ग आणि अपवाद

आमच्या गावाच्या नावाला कंस आहे. गाव सिंदी, कंसात रेल्वे. वर्धा-नागपूर लोहमार्गावरचे, सेलू तालुक्यातले हे गाव. वर्धा शहराला लागून दुसरी एक सिंदी आहे, ती सिंदी (मेघे). दोन्ही एकाच जिल्ह्यात असल्यामुळे पत्त्यावर नुसते ‘सिंदी’ लिहिले तर घोटाळा होण्याचा संभव, म्हणून कंस आला. नाव एक आणि गावे दोन असली की कंस लागतो, ही जाण आमच्याकडे कधी शाळेत न गेलेल्या माणसालाही आहे. प्रस्तुत लेख ज्या शब्दाविषयी आहे त्याला मात्र असा कंस वेळेवर मिळाला नाही, आणि त्याचे परिणाम आमच्याच घरातल्या एका बाईला भोगावे लागले. तो शब्द म्हणजे ‘किरणोत्सर्ग’.

२००५ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या मोठ्या आईवर (विदर्भात थोरल्या चुलतीला मोठी आई म्हणतात) स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतर कोबाल्ट यंत्रावर पाच आठवड्यांचे उपचार ठरले होते. सकाळच्या पॅसेंजरने नागपूरला जायचे, यंत्राखाली काही मिनिटे पडून राहायचे आणि दुपार कलली की परतायचे. शनिवार-रविवार सुट्टी. छातीवर शाईच्या रेघा आखून दिलेल्या. त्या पुसायच्या नाहीत म्हणून आंघोळ जपून करायची. मोठी आई या उपचाराला ‘शेक’ म्हणे. “आज अठरावा शेक झाला,” असे ती पायरीवर बसून, चपला काढता काढता सांगे.

त्याच वर्षी माझ्या चुलतभावाला मुलगा झाला होता. उपचार सुरू झाले तेव्हा तो चार महिन्यांचा होता. एका संध्याकाळी भावाने मला विचारले, “तू तर मास्तर आहेस ना गा, हे रेडिएशन म्हणजे काय असते, सांग बरं.” मी तेव्हा महाविद्यालयात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द सांगितला की अर्थही सांगून झाला, असे वाटण्याचे ते वय. मी म्हणालो, “किरणोत्सर्ग.” तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मी हिरोशिमाविषयी बोललो, चेर्नोबिलविषयी बोललो, किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वर्षानुवर्षे राहतात असेही सांगितले. मोठी आई आतल्या खोलीत होती. तिने ते ऐकले, हे मला फार उशिरा कळले.

दुसऱ्या दिवसापासून बाळ तिच्या मांडीवर दिसेना. कोणी तिला काही बोलले नाही, वाद झाला नाही. तिची ताट-वाटी निराळी झाली, अंथरूण मागच्या खोलीत गेले, आणि हे सारे तिने स्वतःच केले. बाळ रडले तर ती दारातूनच सुनेला हाक मारी. उपचार संपले, शाईच्या रेघा पुसल्या गेल्या, तरी ती दारातच राहिली. सोयराला दिवस मोजून दिलेले असतात, सुतकालाही असतात. हिच्या दूर राहण्याला मुदत कोणी ठरवून दिली नव्हती. दवाखान्यात विचारले असते तर एका मिनिटात उत्तर मिळाले असते. पण आम्ही विचारले नाही, कारण उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे आम्ही समजून चाललो होतो. घरात मराठीचा प्राध्यापक होता ना!

२००८ मध्ये मोठी आई गेली. त्यानंतर काही वर्षांनी ‘व्यावहारिक मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत परिभाषेचा घटक शिकवण्याची पाळी आली आणि उदाहरणे शोधताना मी विश्वकोशाचे खंड उघडून बसलो. या लेखातले बरेचसे तेव्हापासून वाचत आलो आहे. विज्ञान हा माझा विषय नव्हे. परंतु प्रश्न शब्दाचा होता, आणि शब्द हा आपला विषय नाही असे आपल्यापैकी कोणाला म्हणता येईल?

आधी मूळ प्रश्नाचे उत्तर. बाहेरून यंत्राने किरणोपचार घेतलेल्या रुग्णाचे शरीर किरणोत्सर्गी होते काय? होत नाही. यंत्र बंद झाले त्या क्षणी रुग्णाच्या अंगातले किरणही संपलेले असतात. त्याच्या शेजारी बसावे, त्याच्या ताटात जेवावे, त्याच्या मांडीवर मूल द्यावे.

याचे कारण समजायला कठीण नाही. कोबाल्ट यंत्राच्या डोक्यात कोबाल्ट-६० या धातूचे तुकडे पोलादी कुपीत बंद करून ठेवलेले असतात. त्यातून गॅमा किरण सतत निघत असतात. झडप उघडली की ते रुग्णाच्या ठरलेल्या भागावर पडतात, मिटली की अडतात. कुपीतला धातू कुपीतच राहतो, रुग्णाच्या अंगात त्याचा कणही जात नाही. जातात ते फक्त किरण. ते पेशींच्या गाभ्यातील जनुकद्रव्याची साखळी तोडतात, विभागून वाढण्याच्या घाईत असलेल्या कर्कपेशी ती मोडतोड सावरू शकत नाहीत आणि मरतात. किरण तेथेच शोषले जातात किंवा पार होऊन समोरच्या भिंतीत जिरतात. दिवा मालवल्यावर ज्याच्यावर उजेड पडला होता तो माणूस काही उजेड देत राहत नाही, तसेच हे.

यावर शंका अशी घेता येईल की, किरणांच्या माऱ्याने शरीरातलेच अणू किरणोत्सर्गी होत नसतील कशावरून? शंका रास्त आहे. अणूच्या केंद्रकाला धक्का बसला तर तसे घडू शकते. परंतु त्या धक्क्यासाठी लागणारी ऊर्जा मोजलेली आहे. आपले शरीर मुख्यतः प्राणवायू, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचे बनलेले. नायट्रोजनच्या नेहमीच्या केंद्रकातून एक न्यूट्रॉन उडवायला सुमारे १०.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, प्राणवायूला सुमारे १५.७ आणि कार्बनला सुमारे १८.७. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा आहे १.१७ आणि १.३३. म्हणजे मोठ्या आईच्या अंगावर पडलेले किरण त्या उंबरठ्याच्या आसपासही पोचणारे नव्हते.

या गोष्टीचा पुरावा आपल्या रोजच्या जगण्यातही आहे, फक्त तो आपण पुरावा म्हणून पाहत नाही. तुर्भ्याला ‘आयसोमेड’ नावाचे केंद्र १९७४ साली सुरू झाले. तेथे दवाखान्यांत वापरायच्या वस्तू कोबाल्टच्या गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात. त्या वस्तू जखमेवर लागतात, बाळंतिणीसाठी वापरल्या जातात, आणि त्यांपासून कोणी दूर पळत नाही. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून असेच किरण देणारे ‘कृषक’ हे केंद्र २००२ च्या सुमारास उभे राहिले. २००७ साली हापूस आंबा अमेरिकेला जाऊ लागला तो तेथून किरण घेऊनच. तो आंबा अमेरिकेतल्या लोकांनी खाल्ला, मुलांना खाऊ घातला. कांदा किरणोत्सर्गी होत नाही, आंबा होत नाही, कापूस होत नाही. मग माणूसच का व्हावा?

तरीही भीती वाटते. नुसते ‘अज्ञान’ म्हणून ती बाजूला सारणे मला पटत नाही, कारण माझ्या घरात ती अज्ञानातून आली नव्हती. ती माझ्या अर्धवट ज्ञानातून आली होती. म्हणून या भीतीचा इतिहास पाहणे भाग आहे. तो पाहू लागलो की ध्यानात येते, किरण बाहेर टाकणारी माणसांची शरीरे या जगात खरोखरच होऊन गेली आहेत.

रोंटगेनला क्ष-किरण सापडले १८९५ च्या नोव्हेंबरात. पुढच्याच वर्षी बेक्वेरेलला युरेनियमचे किरण आढळले आणि १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध जाहीर केला. या तीन वर्षांत दोन निराळ्या गोष्टी जगाच्या हाती आल्या, पण त्या एकाच गोष्टीसारख्या भासल्या. क्ष-किरण नळीतून निघतात, वीज तोडली की संपतात. रेडियम हा पदार्थ आहे, त्याला बंद करता येत नाही. तो निम्मा व्हायला सुमारे सोळाशे वर्षे लागतात. क्ष-किरण माणसावर पडतात. रेडियम माणसाच्या पोटात जाऊ शकते. सारा फरक येथे आहे.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. कॅल्शियमसारख्या गुणधर्मामुळे रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसले, जबडे झडले, आणि त्यांतल्या पाच जणींनी कारखान्याविरुद्ध लढवलेला दावा १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. त्या मुलींची शरीरे खरोखर किरणोत्सर्गी झाली होती, आणि त्यांची हाडे आज मातीतही तशीच आहेत. मारी क्यूरी १९३४ मध्ये गेली. तिच्या वह्या आजही किरण देतात. आपल्याकडे मात्र ‘रेडियम’ या शब्दाचे नशीब काही निराळेच निघाले. गाडीच्या मागे चिकटवायच्या चमकत्या पट्टीला आपण रेडियम म्हणतो, बसस्थानकाजवळ ‘रेडियमचे दुकान’ असते. त्या पट्टीत रेडियम औषधालाही नसते. ती स्वतः उजेड देत नाही, मागच्या गाडीचा उजेड परत पाठवते इतकेच. पदार्थ गेला आणि नाव भलत्याच वस्तूला चिकटून राहिले. शब्दांचे हे असे होते.

मग १९४५ चा ऑगस्ट आला. हिरोशिमा आणि नागासाकी येथून वाचलेल्या माणसांना जपानी भाषेत ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यांना नोकरी देताना, विशेषतः त्यांच्या मुलींची लग्ने ठरवताना, लोक कचरत. यांना शिवले, यांच्याशी सोयरीक केली तर आपल्याला काही होईल, ही धास्ती. ज्या देशाने ते भोगले त्याच देशातल्या शेजाऱ्यांची ही वागणूक. माझ्या तोंडून त्या संध्याकाळी हिरोशिमा निघाले, त्याच्या मागे जगभर पसरलेली ही छाया होती.

परंतु या साऱ्या प्रकरणावर सर्वांत स्पष्ट उजेड पडतो तो ब्राझीलमधील गोयानिया शहरी १९८७ साली घडलेल्या घटनेने. तेथल्या एका किरणोपचार केंद्राने जागा बदलली आणि सीझियम-१३७ असलेले एक जुने यंत्र ओसाड इमारतीत तसेच टाकून दिले. सप्टेंबर महिन्यात दोन माणसांनी भंगार म्हणून त्याचे डोके काढून नेले, कुपी फोडली. आत निळसर चकाकणारी भुकटी. भंगारवाल्याला ती नवलाची वाटली. त्याने ती घरी नेली, नातलगांना चिमूट चिमूट वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीने ती अंगाला लावली आणि त्याच हातांनी ती जेवली. चार माणसे मेली, त्यांत ती मुलगी होती. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली, सुमारे अडीचशे जणांवर किंवा त्यांच्या अंगात सीझियम आढळले. मुलीची शिसे लावलेली शवपेटी दफनभूमीत आणली तेव्हा जमावाने विरोध केला, दगड फेकले.

आता या घटनेतली एक गोष्ट वाचकांनी नीट पाहावी. हेच यंत्र बंद पडण्याआधी वर्षानुवर्षे रुग्णांवर उपचार करीत होते. हेच सीझियम, हीच कुपी. त्या यंत्राखाली झोपलेल्या रुग्णांपैकी कोणीही त्यामुळे किरणोत्सर्गी झाला नाही. कुपी फुटली आणि भुकटी हाताला लागली, पोटात गेली, तेव्हा माणसे किरणोत्सर्गी झाली. किरण दोन्ही वेळी तेच होते. फरक इतकाच की, पहिल्या वेळी पदार्थ कुपीत राहिला, दुसऱ्या वेळी अंगात गेला. म्हणून विचारायचा प्रश्न “किरण घेतले का?” हा नव्हे. विचारायचा प्रश्न “पदार्थ अंगात राहिला का?” हा आहे.

मराठीत हा प्रश्न आपल्याला सुचत नाही, याचे कारण आपण या दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो. मोबाइल मनोऱ्यातून निघतो तो वर्तमानपत्रात ‘किरणोत्सर्ग’; अणुभट्टीच्या अपघातानंतर मातीत राहतो तोही ‘किरणोत्सर्ग’; आणि रुग्णावर सोडतात तोही तोच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात ही गल्लत नाही. तेथे दोन संज्ञा आहेत. एक ‘प्रारण’, तिच्यापुढे कंसात बहुधा ‘तरंगरूपी ऊर्जा’ असा खुलासा असतो. दुसरी ‘किरणोत्सर्ग’, म्हणजे पदार्थाने आपल्या अणुकेंद्रातून भेदक कण वा किरण आपण होऊन बाहेर टाकणे. प्रारण ही ऊर्जा आहे, ती कोठेही असू शकते; चुलीच्या आचेतही आणि चांदण्यातही. किरणोत्सर्ग हा विशिष्ट पदार्थाचा स्वभाव आहे. रुग्णाला मिळते ते प्रारण. किरणोत्सर्गी असतो तो कुपीतला कोबाल्ट. विश्वकोशाने कंस घातला होता. आपण तो वाचला नाही. ‘प्रारण’ कोशातच राहिले आणि ‘किरणोत्सर्ग’ गावोगाव पोचला.

त्यातही ‘उत्सर्ग’ हे पद अधिक घात करणारे. उत्सर्ग म्हणजे सोडणे, टाकणे, त्यागणे. अर्थ निर्मळ आहे, परंतु बोलीत नव्हे तरी शालेय मराठीत तो ज्या संगतीत येतो ती संगत पाहावी: मलोत्सर्ग, मूत्रोत्सर्ग, उत्सर्जन संस्था. शरीर जे बाहेर टाकते ते अमंगळ, ते दुसऱ्याला लागू नये, ही आपली हजारो वर्षांची शिकवण. ‘किरणोत्सर्गी बाई’ असे म्हणताच किरण हे तिच्या अंगातून झरणारे काहीतरी होऊन बसते, आणि विटाळाची सारी यंत्रणा न सांगता कामाला लागते: ताट निराळे, अंथरूण निराळे, मूल दूर. विज्ञानाचा शब्द सोवळ्याओवळ्याच्या घरात शिरला आणि तेथलाच होऊन राहिला.

याच्या उलट मोठ्या आईचा ‘शेक’ पाहा. शास्त्राच्या काट्यावर हाही शब्द चुकतो. एका दिवसाच्या उपचारात साधारण दोन ग्रे एवढी मात्रा देतात. तिने ऊतींचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेही वाढत नाही. शेकण्याचा, म्हणजे उष्णतेचा, येथे संबंध नाही. तरीसुद्धा या शब्दात मोठे शहाणपण आहे. शेक बाहेरून मिळतो, तो देणारी शेगडी निराळी आणि घेणारे अंग निराळे. शेगडी विझली की शेक संपला. शिवाय शेक हा बाळंतिणीचा शब्द, बाळाचा शब्द. आपण सारेच कधीकाळी शेकले गेलो आहोत, आणि शेकलेले बाळ निखारा होते असे कोणत्याही आजीला वाटलेले नाही. मोठी आई आपल्या शब्दाला धरून राहिली असती तर ती नातवापासून दूर झाली नसती. तिच्या शब्दावर मी माझा शब्द ठेवला.

संस्कृत व्याकरणात ‘उत्सर्ग’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो मराठीच्या अध्यापकांना अपरिचित नसावा. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम. त्याला बाध आणणारा तो अपवाद. आपला उत्सर्ग असा की, किरणोपचाराने रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याला अपवाद आहेत, आणि ते लपवून भीती घालवता येत नाही.

पहिला आणि मुख्य अपवाद आयोडीनचा. गलग्रंथीच्या काही विकारांत व कर्करोगात रुग्णाला आयोडीन-१३१ द्रवरूपात किंवा गोळीतून पोटात देतात. मुंबईत परळला अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली याच शाखेसाठी स्थापन झाले. येथे पदार्थच अंगात जातो, गलग्रंथीत साठतो, लघवी, घाम, लाळ यांतून बाहेर पडतो. म्हणून हा रुग्ण काही काळ खरोखर किरणोत्सर्गी असतो. मात्रा मोठी असेल तर त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात, यंत्राने मोजून किरणांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली आल्यावरच घरी पाठवतात, आणि लहान मुले व गरोदर स्त्रियांपासून काही दिवस अंतर राखायला सांगतात. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते, शिवाय शरीरही ते बाहेर टाकत असते. त्यामुळे या अंतराला मुदत असते आणि ती डॉक्टर लिहून देतात.

दुसरा अपवाद गर्भाशयमुखाच्या वा तोंडाच्या कर्करोगात शरीराच्या आत ठेवायच्या उद्गमाचा. पूर्वी रेडियमच्या सुया ठेवीत. आज बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२ चा उद्गम यंत्राने नळीतून काही मिनिटांपुरता आत पाठवून परत घेतात. तो आत असेपर्यंत किरण आहेत, बाहेर काढला की नाहीत. काही कर्करोगांत बारीक बिया कायमच्या आत ठेवतात. त्या रुग्णांना वेगळ्या सूचना मिळतात. तिसरा अपवाद अगदी क्षीण आहे. अतिउच्च ऊर्जेची यंत्रे किंवा प्रोटॉन किरण वापरले तर ऊतींतील काही अणू क्षणिक किरणोत्सर्गी होतात. परंतु त्यांतला प्राणवायू-१५ दोन मिनिटांत निम्मा होतो, कार्बन-११ वीस मिनिटांत. रुग्ण कपडे बदलून रिक्षापर्यंत येईतो त्यातले बहुतेक संपत आलेले असते, आणि जे असते त्याने शेजारच्याला बाधा होत नाही.

मला वाटते, भीतीचे एक कारण येथेही आहे. एकाच रुग्णालयाच्या ओसरीत आयोडीनवाला रुग्ण आणि कोबाल्टवाली रुग्ण शेजारी शेजारी बसतात. एकाला मिळालेली सूचना दुसरीच्या नातेवाइकांच्या कानावर जाते आणि अपवादाचा उत्सर्ग होऊन गावी पोचतो. त्यात उपचाराच्या खोलीचा अनुभव. जाड भिंती, जड दार, त्यावर तीन पाकळ्यांची धोक्याची खूण. तंत्रज्ञ रुग्णाला नीट झोपवतो आणि सगळे बाहेर निघून जातात, दार लागते. ज्या खोलीतून सारे पळाले तेथे मी एकटी राहिले, तर माझ्यात काहीतरी राहिलेच असणार, असे कोणालाही वाटेल. तंत्रज्ञ बाहेर जातो तो रुग्णाच्या भयाने नव्हे; रुग्णाला हे किरण औषध म्हणून मोजून, पाच-सहा आठवडेच घ्यायचे असतात, त्याला मात्र रोज डझनावारी रुग्णांसोबत आयुष्यभर त्या खोलीत वावरायचे असते. एवढे वाक्य कोणी मोठ्या आईला सांगायला हवे होते. ते मी सांगायला हवे होते.

हे सारे वर्धा जिल्ह्यात घडावे, याची मला अधिक खंत वाटते. स्पर्शाविषयी या जिल्ह्याने देशाला काही शिकवले आहे. जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली दलितांना खुले केले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम उभे केले. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने ग्रासून सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात कुटी दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केले. सल्फोन औषधांचा काळ अजून यायचा होता. रोग संसर्गजन्य आहे हे ठाऊक होते, थोडा का होईना, धोका होता. तो जाणून त्यांनी हात पुढे केला. सिंदीहून सेवाग्राम फार दूर नाही. तेथे धोका असून स्पर्श झाला. आमच्या घरात धोका नसताना तो थांबला.

तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले. त्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय नागपुरात आहे, आणि विदर्भातली खेड्यापाड्यांतली माणसे तेथे किरणोपचारासाठी येतात. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कितीतरी जणांना दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत आसरा मिळतो. ही माणसे पाच-सहा आठवड्यांनी आपापल्या गावी परततात, आणि त्यांच्या घरी कोणीतरी शिकलेला पुतण्या, भाचा, जावई असतोच. त्याला विचारले जाते, “रेडिएशन म्हणजे काय?” आपले विद्यार्थी म्हणजे उद्याचे हे पुतणे आणि भाचे होत. परिभाषेचा घटक शिकवताना मी आता फळ्यावर ‘प्रारण’ आणि ‘किरणोत्सर्ग’ हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहितो, मधे रेघ मारतो, आणि ‘शेक’ हा तिसरा शब्द मुलांकडूनच काढून घेतो. तो दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरातून येतोच.

मोठ्या आईचा तो नातू आता महाविद्यालयात आहे. ती गेली तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता. आजीची त्याला एकच आठवण आहे: ती दाराशी उभी राहून त्याच्याकडे पाहत असे. ती आत का येत नव्हती, हे त्याने मागच्या दिवाळीत मला विचारले. मी त्याला ही सारी हकीकत सांगितली, माझ्या शब्दासकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे मला घेतलं असतं तरी चाललं असतं.” मी म्हणालो, “हो, चाललं असतं.”